पण हसली ना

चंद्रावती रोह्याहून माहेरी पोचली तेव्हा आबांना अंगणात आणून ठेवलं होतं. कासू स्टेशनपासून गावापर्यंतची वाट ती अर्धी चालली होती, अर्धी धावली होती. बांधावरच्या चिखलात एका पायातली चप्पल रुतून राहिली, तेही तिला कळलं नव्हतं. अंगणात पाऊल टाकताच तिने असा हंबरडा फोडला की बसलेल्या बायका आपसूक बाजूला झाल्या. चंद्रावती बापाच्या छातीवर जाऊन पडली. मला न भेटता कसे गेलात आबा, म्हणून तिने हेल काढला, आणि नेमकी त्याच वेळी पुतळी हसली.

पुतळी म्हणजे चंद्रावतीच्या धाकट्या भावाची, पुंडलिकाची बायको. ती आबांच्या उशाशी बसली होती. हसू आधी नाकातून फुटलं, मग तोंडात पदर कोंबेपर्यंत मोठं झालं. तिचे खांदे गदगदत होते, डोळे वाहत होते, पण आवाज हसण्याचाच होता. परगावहून आलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली.

चंद्रावतीने मान वर केली. "हिला उठवा इथून," ती म्हणाली. "माझ्या बापाच्या मढ्यावर हसते ही."

शेजारच्या बायजाबाईने पुतळीच्या दंडाला धरून तिला मागच्या पडवीत नेऊन बसवलं. थोड्या वेळाने आबांच्या तोंडात पाणी घालायला घरचे-दारचे एकेक करून पुढे आले. वर्षानुवर्षं उंबरा न चढलेला चुलत चुलताही आला. पुतळीला कोणी हाक मारली नाही. पुंडलिकाने एकदा पडवीकडे बघितलं, काही बोलायला तोंड उघडलं, पण कलत्या उन्हाकडे बघून पुरुषमाणसं घाई करत होती आणि बहिणीचा चेहरा बघून त्याची हिंमत झाली नाही. आबांना उचललं, तेव्हा पुतळी मागच्या दारात उभी होती.

पुतळीची ही खोड काही नवी नव्हती. भीती वाटली, कोणी अंगावर ओरडलं, काही विपरीत घडलं की तिला हसू यायचं. लग्न होऊन आली त्या महिन्यात तिच्या हातून कालवणाचं भांडं पालथं झालं, सासू रागे भरली, तर ही तोंडाला पदर लावून हसत बसली. पुंडलिक रामवाडीला टेम्पोवरून पडून हात मोडून घेऊन आला, तेव्हाही हिला हसू फुटलं होतं. त्याला त्याच पावली पेणच्या दवाखान्यात घेऊन गेली तीच. पण घरात बोलणं झालं ते हसण्याचं. सासू होती तोवर म्हणायची, सून गुणाची हाय, तेवढं दात काढणं सोडलं तर सोनं हाय. चंद्रावतीला ते हसणं पहिल्या दिवसापासून खुपायचं. ही आपल्याला हसते, आपल्या माणसांना हसते, असं तिला वाटायचं.

सासू गेली आणि पुढे आबांच्या अंगावरून वारं गेलं. सारा जन्म मिठागरात उभा राहून काढलेला माणूस, तळपाय दगडासारखे झालेले. तो एका बाजूने लुळा होऊन खाटेला खिळला. जीभ जड झाली. तेव्हापासून मरेपर्यंत, म्हणजे तीन वर्षं तरी, त्यांचं सगळं पुतळीने केलं. भरवणं, पुसणं, कपडे बदलणं, कुशीवर वळवणं, रडायला लागले की समजूत घालणं. मुलगी किमया तेव्हा लहान होती. एका मांडीवर ती आणि दुसऱ्या मांडीवर आबांचं डोकं, असं चालायचं.

चंद्रावती येत नव्हती असं नाही. सणाला यायची, आबांना सदरा आणायची, पेढे आणायची. उशाशी बसून त्यांचा हात हातात घ्यायची. आबा रडायचे, ती रडायची. पुतळी दोघांना चहा द्यायची, रात्रीच्या कालवणासाठी मासे साफ करायला मागे जायची. दुसऱ्या दिवशी चंद्रावती गाडी धरून रोह्याला परत. नवरा हिरामण धाटावला एका कंपनीत होता, त्याच्या शिफ्टा, मुलांची, निलेश-दिपिकाची शाळा. लेकीने किती म्हणून करायचं, असं गाव म्हणायचं, तीही म्हणायची.

पण एक गोष्ट गावाला माहीत नव्हती. आबा गेले त्याच्या आठवडाभर आधी पुंडलिकाच्या ओळखीचा एक ड्रायव्हर चंद्रावतीच्या दारात येऊन निरोप सांगून गेला होता. आबांचं खरं दिसत नाय, सारखं तुमचं नाव घेतात, लगोलग येऊन जा, असं पुतळीने सांगितलंय. चंद्रावतीच्या घरी त्या दिवशी कोलाडला नणंदेच्या मुलीच्या लग्नाला जायची तयारी चालली होती. साडीला इस्त्री झाली होती. आबांचं असं याआधीही दोनदा झालं होतं आणि दोन्ही वेळा ते सावरले होते. ती म्हणाली, लग्न झालं की येते. लग्न झालं, पूजा झाली, मग निलेशला ताप आला. मग दुसरा निरोप आला तो एवढाच, की या.

त्या दिवशी बांधावरून धावताना हेच तिच्या उरात धडधडत होतं. अंगणात पुतळीचं हसू ऐकलं आणि ते धडधडणं एका क्षणात राग होऊन बाहेर पडलं. तिला तेव्हा कळलं नाही, पण त्या रागाने तिला फार बरं वाटलं होतं.

दहाव्यापर्यंत गोष्ट खाडीपलीकडच्या गावांतही पोचली. सासऱ्याच्या प्रेताशी सून हसली. कोणी म्हणालं, सुटली म्हणून हसली. कोणी म्हणालं, जमीन नावावर होणार म्हणून. आबांना आंघोळ घालणाऱ्या पुरुषांनी येऊन सांगितलं होतं, की एवढी वर्षं पडून राहिलेला माणूस, पण पाठीवर एक जखम नाय. ते चारचौघांनी ऐकलं आणि तिथेच राहिलं. हसणं मात्र घरोघर गेलं. हळूहळू पुतळीला हळदीला बोलावणं येईना. मयताच्या घरी ती गेली तर बायका तिच्या तोंडाकडेच बघत बसायच्या, म्हणून तिने जाणं सोडलं. किमयाला शाळेतल्या पोरी चिडवायच्या.

आणि रोह्याला, अष्टमी भागातल्या आपल्या दोन खोल्यांत, चंद्रावती ही हकिगत सांगायची. शेजारची वैशाली, नळावरच्या बायका, नव्याने राहायला आलेली बिऱ्हाडं. सांगताना ती डोळ्यांना पदर लावायची. ऐकणाऱ्या हळहळायच्या, कसली माणसं असतात एकेक, म्हणायच्या. ड्रायव्हरने आणलेल्या निरोपाशी आलं, की ती तेवढं वगळून पुढे जायची. सांगून सांगून ती वाट इतकी मळली की तिथे काही वगळलंय हे तिचं तिलाही जाणवेनासं झालं.

पुढे दोन-तीन वर्षांनी तिची सासू कृष्णाबाई न्हाणीघरात घसरली आणि तिचा खुबा मोडला. वय झालं होतं. डॉक्टर म्हणाले, आता अंथरुणातच सांभाळा. पहिला महिना चंद्रावतीने हौसेने केलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वाखाणलं. मग येणारे कमी झाले. कृष्णाबाई जेवताना थुंकायची, रात्री हाका मारायची, चादर बदलली की पुन्हा ओली करायची. खोलीला वास सुटला. फिनेल ओतलं, उदबत्त्या लावल्या, खिडकी उघडी टाकली, तरी वास जाईना. एकदा दुपारी सासू ओल्यात पडलीय हे माहीत असून चंद्रावती टीव्हीवरची मालिका संपेपर्यंत उठली नाही. म्हातारी आतून चंद्रा, चंद्रा करत होती. मालिका संपल्यावर ती गेली, आणि चादर ओढताना मनात आलं, एकदाची सुटली तर बरं होईल.

त्या विचाराने ती स्वतःच दचकली. आणि मग तिला आबांची खोली आठवली. आपण तिथे तासन् तास बसायचो, पण नाकाला पदर लावावा लागला असं एकदाही झालं नाही. आबांची दाढी केलेली असायची. नखं कापलेली असायची. हे सगळं आपोआप होतं असंच जणू आपण धरून चाललो होतो. ती ओली चादर हातात धरून कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.

कृष्णाबाईच्या पाठीला जखमा झाल्या, तेव्हा हिरामण म्हणाला, "पुतळीला आणू का?"

"ती कशाला येईल?" चंद्रावती म्हणाली.

हिरामण जास्त बोलणारा माणूस नव्हता. सुट्टीच्या दिवशी तो उठून कासूला गेला आणि दुपारच्या गाडीने पुतळीला घेऊन आला. किमयाला पुंडलिकापाशी ठेवून ती आली होती. हातात कपड्यांची पिशवी आणि सुक्या जवळ्याची पुडी. मागचं काही बोलली नाही, पुडी चंद्रावतीच्या हातात दिली आणि पाय धुऊन सरळ कृष्णाबाईच्या खोलीत गेली.

दोघींनी मिळून म्हातारीला कुशीवर वळवलं. पाठ उघडी झाली, आणि पुतळी हसली.

चंद्रावतीचा जुना राग तसाच्या तसा वर आला. ती काहीतरी बोलणार, एवढ्यात तिची नजर पुतळीच्या हातांवर गेली. हात थरथरत होते. आजवर तिने पुतळीचं तोंड बघितलं होतं, हातांकडे तिचं लक्ष कधी गेलं नव्हतं. थरथरत्या हातांनीच पुतळीने कोमट पाण्यात कापड बुडवलं, पिळलं आणि जखमेच्या कडेने हळूहळू पुसायला लागली.

"घाबरलीस का गो?" चंद्रावतीने विचारलं.

"व्हय."

"मग हसतेस का?"

"मी नाय हसत, बाय," पुतळी म्हणाली. "ते येतं."

पुतळी राहिली. ती कृष्णाबाईशी दिवसभर काहीबाही बोलत असायची. बाजारात कोळंबी कशी दिली, किमया कशी पडली, बांधाला भगदाड पडलं तेव्हा सगळ्या गावाने रात्रभर माती कशी टाकली. म्हातारी ऐकत ऐकत जेवायची. थुंकणं बंद झालं. चंद्रावतीच्या अंगावरचं अर्धं ओझं उतरलं, पण तिला झोप लागेना. पुतळी समोरून गेली की ती नजर चुकवायची. वैशाली एकदा दारातून डोकावली आणि डोळ्यांनीच तिने विचारलं, हीच का ती? चंद्रावतीने मान खाली घातली.

एके दुपारी दोघी नळावर चादरी पिळत होत्या. एक टोक हिच्या हातात, एक तिच्या. चंद्रावतीला राहवलं नाही.

"आबांच्या वेळेला तू मला आधी निरोप धाडला होतास," ती म्हणाली. "मी आले नाय. गावात कोणाला कळलं नाय ते. तू पुंडलिकालाही सांगितलं नाहीस?"

"त्यांना वाटलं ड्रायव्हर विसरला. निरोप पोचवला असं तो मला सांगून गेला होता, पण मी काय बोलले नाय."

"का नाय बोललीस? मी तुला अंगणातून उठवलं."

पुतळीने चादरीला आणखी एक पीळ दिला. "सांगून काय झालं असतं, बाय? लोकांनी तेवढंच धरलं असतं. तुमी आबांना सदरे आणलेत, त्यांच्यापाशी बसून रडलात, ते सगळं वाया गेलं असतं. आबा तुमचंच कौतिक सांगायचे दिवसभर."

चंद्रावतीने आपल्या हातातल्या टोकाला पीळ दिला. मग पुतळी स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मला एवढंच वाटतं, आबांच्या तोंडात पाणी मला घालायचं होतं. तीन वर्सं मीच घातलं. शेवटचं तेवडं राहिलं."

चंद्रावतीला त्या वेळी माफी मागायची होती. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण वैशाली बादली घेऊन नळावर आली आणि चंद्रावतीने चादर झटकून दोरीवर टाकली.

कृष्णाबाई गेली ती भर दुपारी. श्वास बदललेला पुतळीनेच आधी ओळखला. हिरामण घरी होता, मुलं शाळेतून नुकती आली होती. धावाधाव झाली, शेजारपाजार गोळा झाला. चंद्रावतीने तुळशीचं पान शोधलं, वाटीत पाणी घेतलं, सासूच्या तोंडात घातलं. हिरामणने घातलं, मुलांनी घातलं, वैशालीनेही घातलं. रडारड झाली, नातेवाइकांना निरोप गेले, तिरडी बांधली गेली. या सगळ्या गडबडीत पुतळी कुठे आहे हे चंद्रावतीच्या ध्यानातही आलं नाही. सगळे पुरुष गेल्यावर ती बादली घ्यायला मागे गेली, तेव्हा नळाच्या कट्ट्यापलीकडे भिंतीशी पुतळी बसलेली दिसली. तोंडात पदराचा बोळा. डोळे सुजलेले.

"इथं कवापासून बसलीस गो?"

पुतळीने पदर काढला. "माणसं जमली तवापासून," ती म्हणाली. "म्हटलं, तुमच्या दाराला बोल लागायला नको."

या खेपेला तिला कोणी उठवलं नव्हतं. ती आपली आपणच उठून गेली होती. चंद्रावती तिच्याशेजारी मटकन खाली बसली. आत बायका तिची वाट बघत होत्या, पण तिला उठवेना. पुतळीला जवळ घ्यावं, असं वाटलं, आणि आपल्याला तो हक्क आहे का, असंही वाटलं. दोघी नुसत्या बसून राहिल्या. तेरावं झाल्यावर पुतळी गावी परतली.

त्यानंतर चंद्रावतीने रोह्याला सांगायला सुरुवात केली. जिला जिला पहिली हकिगत सांगितली होती, तिला तिला गाठून. माझ्या भावजयीला तशी खोड हाय, ती मनातून हसत नाय, तिने माझ्या बापाचं केलं, माझ्या सासूचं केलं. बायका ऐकून घ्यायच्या. व्हय गो, म्हणायच्या. वैशाली म्हणाली, तुझं मन मोठं, एवढं होऊन तू तिला जवळ केलीस. चंद्रावतीने जेवढं समजवावं, तेवढं तिचंच नाव होऊ लागलं.

त्या उन्हाळ्यात बायजाबाईच्या मुलीचं लग्न निघालं. चंद्रावतीला खास आमंत्रण आलं. ती हळदीच्या आदल्या दिवशीच माहेरी पोचली. पुतळीला बोलावणं नव्हतं. शेजारचं घर, मधे नुसती कुडाची भिंत, तरी नव्हतं. माझ्याबरोबर चल, म्हणून चंद्रावतीने खूप आग्रह केला. पुतळी नाही म्हणाली. हळदीच्या घरी हसले तर चालतं बाय, पण रडायच्या घरी हसलेली तिथं नको असते, एवढं बोलून ती किमयाचे केस विंचरायला लागली.

चंद्रावती एकटी गेली. हळद कुटणाऱ्या बायकांच्या मधोमध तिला बसवलं, चहा दिला. थोड्या वेळाने तिने विषय काढला. पुतळीने आबांचं किती केलं ते सांगितलं. आपल्या सासूच्या पाठीच्या जखमा, थरथरते हात, सगळं सांगितलं. बायका कुटायचं थांबवून ऐकत होत्या. बायजाबाई म्हणाली, सेवा केली, कोण नाय म्हणतं. तशी सून मिळायची नाय.

मग तिने मुसळ उचललं आणि म्हणाली, "पण हसली ना."

दोघीतिघींनी माना डोलावल्या. "तुझी गोष्ट वेगळी गो," बायजाबाई पुढे म्हणाली. "तू रोह्यावरून धावत आलीस, पायात चप्पल नाय. आमी बघितलंय. लेकीची माया ती लेकीची."

आता नाही तर कधीच नाही, असं चंद्रावतीला वाटलं.

"मला आठवडाभर आधी निरोप आला होता," ती म्हणाली. "आबा माझं नाव घेत होते. मी लग्नाला गेले कोलाडला. मी आले नाय."

मुसळ थांबलं. आता काय ऐकावं लागेल ते ऐकायला ती मान खाली घालून बसली. उठ इथून म्हणाल्या असत्या, तर ती उठली असती. उठायची तिची तयारी होती.

बायजाबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. "बायमाणसाच्या मागं संसार असतो गो," ती मायेने म्हणाली. "नाय जमत एकेकदा. तू कशाला मनाला लावून घेतेस? आबांना कळतं सगळं."

बाकीच्या म्हणाल्या, व्हय, व्हय. कोणीतरी तिच्या कपात आणखी चहा ओतला. मुसळ पुन्हा सुरू झालं.

चंद्रावती तशीच उठून घरी आली. पुतळी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिने वर न बघता विचारलं, "माझं नाव निघालं का?"

"नाय," चंद्रावती म्हणाली, आणि तिच्याशेजारी बसून सुपातले खडे वेचायला लागली. तिला काही दिसत नव्हतं, पण बोटं चालवत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती लग्नाला गेली नाही. बायजाबाईने दोनदा माणूस पाठवला, दोन्ही वेळा तिने डोकं दुखतंय असं सांगितलं. पलीकडे बँड वाजत होता, जेवणावळी उठत होत्या, आणि इकडे दोघी नणंद-भावजय भात आणि जवळ्याचं कालवण खात बसल्या होत्या. त्यानंतरही माहेरच्या ज्या घरी पुतळीला बोलावणं नसेल त्या घरचा उंबरा चंद्रावती चढली नाही. का, ते तिने पुन्हा कोणाला सांगितलं नाही. सांगून लोक तिलाच मोठेपणा देतात, हे तिला आता कळलं होतं.

गाव म्हणालं, रोह्याला राहून शिष्ट झाली. पुंडलिकाच्या कानावर ते आलं, त्याला वाईट वाटलं. त्याने बहिणीला विचारलं, लोकं तुला असं बोलतात, तुला काय वाटत नाय का? चंद्रावती म्हणाली, बोलू दे. आपल्यालाही कोणी नावं ठेवतंय हे ऐकताना तिला जरा बरं वाटायचं, पण ते फार वेळ टिकायचं नाही.